एकाच पंपातली दोन औषधं

बायकोच्या दोन्ही गालांवर वांग आहे. भाचीचं लग्न ठरलं, तेव्हा पाच सवाष्णींत हळद लावायचा पहिला मान आत्या म्हणून तिचा होता. ती म्हणाली, "असं तोंड घेऊन फोटोत पुढं उभी राहायची न्हाई मी. दुसरीला सांगा."

पुण्यात शिकणाऱ्या मुलीनं डाग फिके करणाऱ्या नियासिनामाइडची बाटली आणली. औषधाचं लेबल वाचल्याशिवाय मी कुठलीच बाटली उघडू देत नाही, ते कांद्यावरचं असो की तोंडावरचं. पाच टक्के, पाण्यासारखं पातळ.

"दहाची का न्हाई आणली?" बायकोनं विचारलं.

"आई, पाच पुरे. रात्री तोंड धुऊन दोन थेंब लाव. सकाळी सनस्क्रीन लावल्याशिवाय घराबाहेर पडू नकोस. आणि दोन-तीन महिने धीर धर."

आधी हाताच्या आतल्या बाजूला लावून बघितलं. काही झालं नाही. मग गालाला सुरुवात केली. पहिला आठवडा ठीक गेला. दुसऱ्या आठवड्यात गाल लाल झाले, पाणी लागलं तरी चुणचुणायचे.

"बंद करते. आहे तेवढं तोंड तरी राहू दे. लग्नालाच येत न्हाई मी."

मला हिशेब जुळेना. हाताला सोसलं, गालाला आठवडाभर सोसलं, मग बिघडलं कशानं? मी विचारलं, "या आठवड्यात नवीन काय लावलंस?"

"नवीन काय न्हाई. नेहमीचं बेसन-लिंबू लावते, त्यातच आता दोन थेंब टाकते."

"एकत्र?"

"तुमी न्हाई का एकाच पंपात दोन औषधं मारत? फेरी वाचते."

आमच्याकडे फवारणीच्या दिवसात सगळेच तसं करतात. पण कांद्याची पात करपली तर कुठल्या औषधानं करपली, हे मात्र मग कुणालाच सांगता येत नाही. मुलीला फोन लावला. तिनं लिंबाचं नाव ऐकलं आणि कपाळावर हात मारल्याचा आवाज इकडे आला. "लिंबाच्या आंबटानं गाल पोळतात!" ती म्हणाली.

सगळं थांबवलं. नुसतं पाणी आणि साधं क्रीम. लाली गेल्यावर नियासिनामाइड एकटंच, एक दिवसाआड, मग रोज. लिंबू चहापुरतं राहिलं. वांग गेलं नाही. कडेनं फिकं झालं. मला ते फिकं दिसतंय की मी तसं ठरवलंय, याची खात्री करायला मी दर रविवारी त्याच खिडकीपाशी, त्याच वेळी फोटो काढत होतो. फिकं झालं होतं.

हळदीच्या दिवशी ती आली. भाचीला पहिली हळद तिनंच लावली. मग नेहमीसारखी बायकांची एकमेकींना हळद फासायची धांदल सुरू झाली. भावजय दोन्ही हात भरून तिच्या गालांकडे आली.

"पायाला लाव गं, तोंडाला नको."

"का? नवरी तू हायेस व्हय?"

"नवरीचं आजच्यापुरतं असतंय. मला हे तोंड रोज वापरायचंय."

बायका हसल्या. भावजयीनं खाली बसून तिचे पाय घोट्यापर्यंत पिवळे केले. फोटोवाल्यानं सगळ्यांना बोलावलं, तशी ती साडी थोडी वर धरून, पावलांचे ठसे उमटवत पुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली.