अण्णांच्या दुकानाचा ओटीपी

रस्ता रुंद झाला आणि कंधारातलं अण्णांचं दुकान त्यात गेलं. अण्णा म्हणजे माझे वडील; पाइप आणि मोटारपंपाचं सामान विकतात. महिनाभरात त्यांनी समोरच्या बाजूला भाड्याचा गाळा घेतला, फळ्या ठोकल्या, तसबीर लावली आणि त्यांच्या मते काम संपलं. जीएसटीच्या नोंदणीत पत्ता जुनाच राहिला. मी लातूरला शाळेत शिकवते. एका पोराची वही अपुरी असली तरी मला चैन पडत नाही, आणि माझ्याच घरात हा कारभार! विचारलं तर अण्णांचं उत्तर ठरलेलं, "साऱ्या गावाला ठावं हाय मी कुठं बसतो ते."

गावाला ठाऊक होतं, तपासणीला आलेल्या साहेबांना नव्हतं. ते जुन्या पत्त्यावर गेले तर तिथे नाली खणलेली. नोटीस माझ्या ईमेलवर आली: पत्त्यावर व्यवसाय आढळला नाही, सात दिवसांत खुलासा करा, नाहीतर नोंदणी रद्द. मी ती उघडली तेव्हा पाच दिवस उलटले होते. तो गाढवपणा मात्र माझा. नोंदणी गेली की कंपनी माल देणार नाही, माल नाही तर दुकान नाही, आणि दुकानाशिवाय अण्णा माझ्या डोळ्यांपुढे येतच नाहीत. रजा टाकली, लॅपटॉप घेतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली एसटी पकडली.

गाळ्यात पाइपांच्या बंडलावर बसून खुलासा लिहिला. भाडेकरार, लाइट बिल, नव्या पत्त्याचा अर्ज, सगळं जोडलं. आता फक्त ओटीपी. ईमेलवर तो येईना. अण्णांचा मोबाइल घरी कपाटात रुमालात गुंडाळलेला असतो, तो मी मुद्दाम आणवला होता. तो गप्पच.

"अण्णा, नोंदणीत नंबर कुठला दिलाय?"

"मास्तरचा."

मी कपाळावर हात मारला. मास्तर म्हणजे जुन्या दुकानाशेजारचे टेलरकाका. माझ्या लहानपणी आमच्याकडे फोन नव्हता, त्यांच्या दुकानात होता. मामाचे निरोप, आत्याच्या सोयरिकीची बोलणी, सगळं त्यांच्याच फोनवर यायचं आणि काका कात्री ठेवून हाक मारायला यायचे. पुढे घरोघरी मोबाइल आले तरी अण्णांची सवय गेली नाही. कुणीही नंबर विचारला की ते मास्तरांचाच सांगत. ई-सेवा केंद्रातला माणूस दर तिमाहीला आमचं जीएसटीचं विवरण भरायचा आणि काका मशीनवरून उठून त्याला ओटीपी दाखवायला जायचे. याचा मला गंधही नव्हता. त्याच रस्त्याने त्यांचंही दुकान नेलं होतं, आणि दोन महिन्यांपासून ते नांदेडला मुलाकडे राहत होते.

मी फोन लावला.

"हाव माय, आकडे आलेत," काका म्हणाले. "पन फोनवर न्हाई सांगायचो."

"काका, मी बोलतेय!"

"आवाज तुझाच हाय. पन ब्यांकेच्या साहेबानं बजावलंय, आकडे कोनालाच सांगायचे न्हाईत. सख्ख्या भावाला बी न्हाई."

मी समजावलं, विनवलं, शेवटी ओरडले. उद्या मुदत संपतेय, दुकान बंद पडेल, तुम्हाला चालेल का? अण्णा शांतपणे म्हणाले, "त्याचं बराबर हाय. तू उगं तरास देऊन राहिलीस." दोघांपुढे माझी मास्तरकी चालेना.

"मीच निघतो," काका म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारच्या गाडीने ते उतरले. सत्तरी ओलांडलेले, घामाघूम, खिशात दोन फोन. एक मुलाने घेऊन दिलेला नवा, नंबरही नवा. दुसरा जुना बटनाचा.

"हा अजून चालू ठेवलाय?" मी विचारलं.

"तुझ्या बापाचं सरकारी काम त्याच्यावर येतंय न्हवं? म्हून रिचार्ज मारत ऱ्हातो."

सकाळी मी या माणसावर ओरडले होते. मला फार लाज वाटली.

नवा ओटीपी मागवला. काकांनी फोन माझ्या डोळ्यांसमोर धरला. आकडा मात्र एकही उच्चारला नाही. खुलासा गेला, पत्त्याचा अर्जही गेला. माझा जीव भांड्यात पडला. लगे हाथ मी नंबर बदलायचं पान उघडलं. "आता अण्णांचाच नंबर टाकते काका, म्हणजे तुम्हाला हेलपाटे नकोत."

"टाक माय. बराबरच हाय तुझं," काका म्हणाले, आणि तो बटनाचा फोन शर्टाच्या टोकाने पुसत बसले.

अण्णा गिऱ्हाइकासाठी पाइप मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "मंग ह्यो येईल कशाला?"

मी ते पान बंद केलं. आयुष्यात पहिल्यांदाच एक चुकीची नोंद जाणूनबुजून तशीच ठेवली. दोघे पाचच्या गाडीपर्यंत चहा पीत रस्त्याला शिव्या देत बसले.

काही दिवसांनी पत्ता मंजूर झाल्याचा मेसेज आला, अर्थात काकांच्या फोनवर. त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं, फोनवर सहज सांगता आलं असतं. पण अण्णा सांगत होते, मास्तर सकाळच्या पहिल्या गाडीने तो दाखवायला आले.