इंगळे सरांच्या पुड्या

मेडिकलच्या काउंटरवर किस्से कोणी सांगत बसत नाही, ते आपोआप साचतात. सर्दी-खोकल्याचं औषध लोक मोठ्यानं मागतात. पोटाचं असलं की आधी मागं वळून बघतात, दुकान रिकामं व्हायची वाट पाहतात आणि मग वाकून कुजबुजतात. बावीस वर्षं मी जळगाव जामोदला मेडिकल चालवतेय. माझ्या कानात काय काय पडून आहे ते माझं मला माहीत. त्यातले निम्मे किस्से एकट्या इंगळे सरांचे.

* * *

सर भूगोलाचे मास्तर. रिटायर झालेले, बायको वारलेली, एकुलती लेक साखरखेर्ड्याला दिलेली. जेवले की पोटात कळ. कधी दिवसातून सहा वेळा पळापळ, तर कधी तीन-तीन दिवस काहीच नाही. सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, याला आयबीएस म्हणतात, जिवाला धोका नाही.

सरांनी फाइल माझ्या काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "रिपोर्ट पास झाले, ताई. मी नापास."

* * *

डॉक्टरांनी त्यांना प्रोबायोटिकच्या पुड्या लिहून दिल्या. सरांनी पाकीट चष्म्याजवळ नेलं. "याच्यात काय हाय?"

"चांगले जंतू, सर. जिवंत असतात. आपल्या विरजणात असतात ना, तसलेच."

सर माझ्याकडं बघतच राहिले. "मी पस्तीस वर्षं पोराईले सांगितलं का हात धुवा, जंतू मरतात. आन् आता तुम्ही मलेच जंतू इकून राह्यल्या?"

मला हसू आवरेना. हसत हसतच सांगितलं की कोणाला फरक पडतो, कोणाला नाही, डॉक्टरांनी दोन महिने नेमानं घेऊन बघा म्हटलंय. "आणि थंड ठेवा बरं का," एवढं सांगून पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले.

* * *

"थंड ठेवा" हे माझं ठरलेलं वाक्य. त्यापायी वडनेर भोलजीच्या एका आजीनं पुड्या ओल्या फडक्यात बांधून माठाखाली ठेवल्या. आठ दिवसांनी त्याचा लगदा घेऊन दुकानात हजर. "थंड तं लई झालं व माय. आता हे पेऊ का लावू?"

हा किस्सा मी महिनाभर सगळ्यांना ऐकवला. सरांनाही. सर म्हणाले, "माझं तसं नाही. फ्रिजात, वरच्या कप्प्यात, तारखेनं लावून ठेवतो."

मला केवढं समाधान वाटलं होतं तेव्हा.

* * *

एकदा सरांनी खिशातून एक वही काढली. आत जळगाव जामोद ते साखरखेर्डा हातानं काढलेला नकाशा. तीन एसट्या बदलायच्या, पाच तासांचा रस्ता. कोणत्या पंपावर सोय आहे, कोणत्या धाब्याचं दार आतून लागतं, सगळं लाल पेननं टिपलेलं. खामगावच्या पुढं मात्र एक लांब पट्टा कोरा होता.

"इथं काय आहे, सर?"

"वाळवंट," सर म्हणाले.

* * *

सर लेकीकडं का जात नाहीत, हे गावात सगळे विचारायचे. सर सांगायचे, लेकीला मूल होईस्तोवर बापानं तिच्या घरचं खाऊ नये, आमच्यात पाळतात. लोक मान डोलवायचे. माझा भाऊ सरांच्या वर्गात होता. असल्या रिती सोडून द्या, म्हणून याच सरांनी त्याला शिकवलं होतं. मी काही बोलले नाही. पोटाचं लेकीला कळू द्यायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली होती.

मग लेकीला मुलगी झाली आणि ते कारण संपलं. बारशाच्या दिवशी सर पहाटेच निघाले. दुपारी बघते तर दुकानासमोर उभे. हातातल्या पिशवीत बाळाचं कुंची-झबलं तसंच.

"खामगाववरून वापस आलो," ते म्हणाले. "आठ महिने झाले, ताई. या पुड्याईचा काही उपेग नाही."

दुकानात गर्दी होती. मी म्हटलं, "घेत राहा सर, एखाद्याला वेळ लागतो." आणि आणखी एक पाकीट दिलं.

* * *

गेल्या हिवाळ्यात सर हार्टनं गेले. तेरवी झाल्यावर लेक दुकानात आली. कडेवर पोरगी, हातात पुड्यांची पिशवी.

"ताई, हे वापस घेता का? फ्रिजात होतं. बाबा म्हणत, ताकदीचं हाय."

शपथ आता कोणासाठी पाळायची? मी सगळं सांगून टाकलं. पोट, वही, बारशाचा दिवस.

तिनं पोरीला काउंटरवर टेकवलं. मग म्हणाली, "मले वाटे, त्याईले जावई पसंत नाही. आमची गाडी दारातच उभी राह्यते, ताई. वीस ठिकाणी थांबवली असती."

मी तिला पाणी दिलं. ती प्यायली, पोरीलाही दोन घोट पाजले.

"पण औषध कधी चुकवलं नाही बाबानं," ती म्हणाली. "मी आली का पाहो ना. सकाळी चहा खदखदला का गंजातच, उकळत्या चहात, पुडी टाकत, अन् वरून झाकण ठेवत."

मी पिशवी घेऊन ठेवली. इतक्या महिन्यांत मी त्यांना एकदाही विचारलं नाही की पुडी कशातून घेता. कदाचित गार पाण्यातून घेऊनही गुणाला आली नसती. ते आता कधीच कळायचं नाही.

घरी मी रोज दूध तापवते. बोट बुडवून कोमट झालंय का बघितल्याशिवाय आजवर कधी विरजण लावलेलं नाही.