बंदुकीची आंघोळ

आमच्या घरातली सर्वांत स्वच्छ वस्तू म्हणजे बंदूक. तिच्यानंतर देव, देवांनंतर पिण्याच्या पाण्याचा हंडा, आणि मग बऱ्याच अंतरानं आम्ही माणसं.

मी सांगतेय ते दुष्काळाच्या वर्षांबद्दल. औरंगाबादेत (तेव्हा औरंगाबादच म्हणत) नळाला पाणी येणं ही शेजारणीला फोन करून कळवायची बातमी होती. आमचं घर बीड बायपासजवळ. माझे सासरे लहानपणी ज्या शेतात हुरडा खायचे, त्याच शेतात आता आमचं रो-हाऊस होतं आणि चारी बाजूंना अपार्टमेंटं. बाकी सगळी जमीन प्लॉटिंगमध्ये गेली होती. विहीर बुजवून त्या जागी पार्किंग आलं होतं. जमिनीच्या पैशांतून भाऊबंदांनी जीपगाड्या घेतल्या, मंगल कार्यालयं काढली. मामंजींनी (म्हणजे माझ्या सासऱ्यांनी) सेमी-ऑटोमॅटिक बंदूक घेतली. रानडुकरांसाठी. रान विकून झाल्यावर.

"एकदा चाप वढला की दुसरं काडतूस आपोआप वर येतं," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. पहिलं काडतूस कधीच उडालेलं नसल्यामुळे दुसरं खरंच येतं का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. काडतुसांचा डबा आत्याबाईंनी (म्हणजे सासूबाईंनी) आणल्या दिवशीच नीट जपून ठेवला होता. इतका नीट, की नंतर तो त्यांनाही सापडला नाही.

मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा बंदुकीसोबत आलेली इंग्रजी पुस्तिका कपाटात तशीच पडून होती. माझं एम.ए. इंग्रजीत झालंय हे कळल्यावर मामंजींनी ती माझ्या हातात दिली. हळद उतरायच्या आत मला मिळालेलं ते पहिलं काम.

"काय म्हणतं पुस्तक? किती दिसाला साफ करायची?"

"प्रत्येक वापरानंतर, असं लिहिलंय."

"आन् वापरलीच नाय तर?"

"त्याबद्दल काही दिलेलं नाही, मामंजी."

"म्हंजी वापर कशाला म्हणायचं ते आपणच ठरवायचं," ते म्हणाले, आणि त्यांनी ठरवलं. पाहुण्यांना दाखवली, हा वापर. परवान्याच्या कामाला नेली, हा वापर. टीव्हीवर दरोड्याची बातमी लागली म्हणून कपाट उघडून ती जागेवर आहे ना ते बघितलं, हाही वापर. शिवाय रविवार ठरलेला. जुन्या बनियनच्या चिंध्या, शिवणयंत्राचं तेल, लांब गज, आणि घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. त्याच रविवारी मी केस धुवायचे म्हटलं की आत्याबाई टाकीत वाकून बघायच्या आणि म्हणायच्या, "टँकर येऊ दे." माझ्या केसांपेक्षा त्या नळीला जास्त तेल मिळतंय, हे मला फार लागायचं.

पण एकदा ते चिंधी हातात धरून खिडकीतून नुसते पार्किंगकडे बघत बसलेले मी पाहिले. तिथं त्यांची विहीर होती. तेव्हा मला त्यांचं खरंच वाईट वाटलं. शेत नाही, बैल नाहीत, गड्यांना हाक मारायची तर गडी नाहीत. जमीनदार म्हणून त्यांच्याजवळ उरलेली ती एकच वस्तू होती. त्यानंतर रविवारी मीच त्यांना चिंध्या फाडून द्यायला लागले.

अशात निवडणूक लागली. निवडणूक आली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. ठाण्यातले शेख हवालदार निरोप घेऊन घरी आले.

"काका, जमा कर दो. साहेब लई कडक आहेत ह्या टायमाला."

"दसरा होऊ द्या ओ शेखभाई. शस्त्रपूजेला बंदूक घरात नसली तर कशाची पूजा करू, सुरीची?"

शेखभाईंनी डोकं खाजवलं. "ठीक. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दोपहर तक. खाली करून, खोलके दाखवायची. नाही आली तर लायसन गया समझो. फिर मेरेकू बोलना नक्को."

दसऱ्याच्या सकाळी मामंजी झेंडूची फुलं आणि आपट्याची पानं आणायला गुलमंडीला निघाले. जाताना त्यांनी बंदूक पाटावर ठेवली आणि कुशीची दांडी मागं ओढून ठेवली. (ती ओढली की एक खिडकी उघडते आणि आत काडतूस आहे की नाही ते दिसतं. पाहुण्यांना तेच दाखवायचं असायचं.)

"सूनबाई, पूजा तू मांड," ते म्हणाले. "तू पैठणची, भिक्षुकाची लेक. तुला आम्ही काय सांगावं?"

त्यांनी सांगायला हवं होतं. सासरी शस्त्रपूजा म्हणजे हळद-कुंकू, एक फूल आणि नमस्कार. माझ्या माहेरी पाटावर काहीही ठेवलं, की त्याला स्नान घातल्याशिवाय पूजा पुढे सरकतच नाही. माझे वडील एकदा एका यजमानाच्या नव्या मिक्सरला अभिषेक करून आले होते. आता स्नान घालायचं तर पाणी नाही. टाकीत खडखडाट, आणि हंड्याला हात लावायची छाती नव्हती. पण दुधाच्या पिशव्या होत्या. दही, तूप, मध, साखर घरात होतीच. पाणी नसलं तरी पंचामृत होतं!

मग मी यथासांग पूजा केली. माझ्या माहेरी पंचामृत देवाच्या मुखी अर्पण करतात. बंदुकीचं मुख कुठलं, यावर मी बराच विचार केला. नळीचं टोक हे मुख म्हणावं तर ते फार पुढे. शेवटी ती कुशीची खिडकीच मला योग्य वाटली. आयतीच उघडी होती. मी पळीपळीनं सगळी वाटी आत रिकामी केली, वर तुळशीचं पान वाहिलं. बाहेरून पुसताना हात कुठल्याशा बटणाला लागला आणि दांडी खटकन पुढे जाऊन खिडकी मिटली. मला वाटलं, देवतेनं नैवेद्य स्वीकारला.

मामंजी आले. बाहेरून बंदूक चकचकीत, वर फूल, समोर निरांजन. "लई सुरेख," ते म्हणाले. आमच्याकडे पुजलेलं शस्त्र त्या दिवशी पाटावरून उचलत नाहीत. त्यामुळे दिवसभर लोक येऊन सोनं देत राहिले, नमस्कार करत राहिले, आणि बंदुकीच्या पोटात साखर आणि मध शांतपणे सुकत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या तुळशीपासून पाटापर्यंत मुंग्यांची रांग लागली होती. मामंजींनी बंदूक उचलली. हात चिकटला. दांडी ओढली. दांडी ढिम्म हलेना.

"सूनबाई, हे काय?"

"पंचामृत, मामंजी."

"कशाला?"

"पाणी नव्हतं ना."

"बंदूक हाय ती," ते अगदी हळू म्हणाले. "शाळिग्राम नाय."

मी रडवेली झाले. पण खरी पंचाईत पुढेच होती. खिडकी उघडत नाही म्हणजे बंदूक रिकामी आहे हे दाखवता येत नाही. आणि दाखवता येत नाही तर ती रिकामी आहे कशावरून?

"रिकामीच असणार," मी म्हणाले. "काडतुसं तर आत्याबाईंकडे आहेत."

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "नीट ठेवलीत."

"कुठं?" मामंजींनी विचारलं.

"ते आठवलं असतं तर मागंच नसती का दिली?"

"त्या दरोड्याच्या बातमीला मी खालच्या खणात एक भरलं व्हतं काय?" मामंजी स्वतःशीच पुटपुटले. "का नुसता भरणार व्हतो? दांडी मिटली की खालचं आपोआप वर येतं."

त्या क्षणापासून बंदूक भरलेली आहे असं धरून आम्ही वागायला लागलो. पाटावर ठेवावी तर नळी टीव्हीकडे. फिरवावी तर देवाकडे. दाराकडे करावी तर समोर जाधववहिनींचं स्वयंपाकघर. शेतात बंदूक कशीही ठेवता येते, पण चारी बाजूंनी शहर झाल्यावर तिला तोंड करायला जागाच उरत नाही. शेवटी मामंजी नळी आकाशाकडे करून ती छातीशी उभी धरून बसले. आम्हाला स्वयंपाकघरात जायचं तर बाहेरून वळसा घालून मागच्या दारानं जायचं, असं ठरलं.

"साखर गरम पाण्यानं विरघळते," मी धीर करून म्हणाले.

"पाणी कुठंय?"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला. माझे यजमान वाळूजच्या कंपनीत पहिल्या पाळीला गेलेले. घरात आम्ही तिघंच. बंदूक खाली ठेवायची सोय नाही, म्हणून मामंजींनी तिच्यावर पंचा टाकला आणि तसेच उभी धरून टँकरकडे निघाले. मागून आम्ही दोघी, बादल्या घेऊन.

टँकरपाशी रोजचंच चाललं होतं. हंड्यावर हंडे आपटत होते आणि जाधववहिनी पाइप धरून कुणालातरी म्हणत होत्या, "आधी माझा नंबर हाय, मी कुण्णाला सोडणार नाय." नेमका तेव्हा वाऱ्यानं पंचा उडाला.

इतकी शिस्त मी त्या गल्लीत आधी कधी पाहिली नव्हती. रांग दुभंगली. वहिनींनी पाइप स्वतःहून आमच्याकडे केला. टँकरवाल्यानं तो थेट आमच्या टाकीत नेऊन सोडला आणि टाकी वाहीपर्यंत काढला नाही. मामंजींचं सगळं लक्ष नळी सरळ वर आहे ना, याकडे.

"लोक लई सुधारले," परत येताना ते मला म्हणाले. "म्हाताऱ्या माणसाला कशी वाट देतेत बघ."

पातेल्यातलं पाणी उकळी फुटायच्या बेतात होतं, तेव्हा दाराशी मोटारसायकल थांबली. शेख हवालदार.

"काका, आप?" त्यांचा चेहरा पार पडला होता. "बंदूक दाखवून टँकर लुटला, असा फोन आला ठाण्यात."

"कुणी लुटला?"

"तुम्ही!"

मामंजींना ते समजायला थोडा वेळ लागला. मग रांग का दुभंगली ते कळलं, आणि ते मटकन पायरीवर बसले. बंदूक मात्र उभीच होती. "गेलं लायसन," ते म्हणाले. "एवढंच ऱ्हायलं व्हतं, तेबी गेलं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला वाटलं, माझी एम.ए.ची पदवी आणि वडिलांची सगळी भिक्षुकी मोरीत ओतून द्यावी.

"शेखभाई, त्यांनी कुणाला दाखवली नाही," मी पुढे झाले. "ती धुवायची होती. मी तिला काल पंचामृत घातलंय."

शेखभाईंनी माझ्याकडे बघितलं. मग बंदुकीकडे. मग तिच्यावरून मामंजींच्या मनगटावर उतरणाऱ्या मुंग्यांकडे. "अंदर काडतूस है क्या?" त्यांनी विचारलं.

"असंल. नायतर नसंल," मामंजी म्हणाले. शेखभाई तुळशीवृंदावनाच्या मागं जाऊन उभे राहिले.

मग अंगणात, अख्खी गल्ली पार्किंगच्या भिंतीआडून डोकावत असताना, मामंजींनी बंदूक आकाशाकडे धरली आणि मी मिटलेल्या खिडकीच्या फटीवर तांब्यानं गरम पाणी ओतायला लागले. आधी पांढरं पाणी आलं, मग तुपाचे गोळे, मग मुंग्या. मधाचा वास सगळीकडे सुटला. आत्याबाई लेकरांना आंघोळ घालायच्या सवयीनं म्हणाल्या, "केसावरून घाल गं." मामंजींनी दात-ओठ खाऊन दांडी ओढली. ती करकरली, हलली, आणि खिडकी उघडली.

आतून तुळशीचं पान पडलं. बाकी काही नव्हतं.

शेखभाई वृंदावनामागून बाहेर आले. त्यांनी वाकून आत बघितलं, बोट लावलं, बोटाचा वास घेतला. "खाली है," ते म्हणाले, आणि का कोण जाणे, बंदुकीला हात जोडले. मग भिंतीकडे वळून विचारलं, "किसने फोन किया था?"

"मला काय म्हाईत ती पूजेची हाय?" भिंतीआडून जाधववहिनींचा आवाज आला. "आन् पाणी तर नेलंच ना त्यांनी."

हे मात्र खरं होतं. मामंजी उठले. त्यांनी टाकीतलं पाणी स्वतः बादलीनं काढून घराघरात पोचवलं, प्रत्येक दारात "चुकलं बरं का" म्हणत. जाधववहिनींकडे सगळ्यांत आधी. वहिनींना इतकं लाजल्यासारखं झालं की त्यांनी हवालदारांना सांगितलं, "काढा ओ माझी तक्रार." टाकी पुन्हा कोरडी झाली. पातेल्यात थोडं गरम पाणी उरलं होतं, माझ्या केसांपुरतं. ते मी उचललं, तेवढ्यात मामंजी म्हणाले, "ते इकडं आण. अजून चिकट लागायलीय."

बंदूक वेळेत जमा झाली आणि परवाना वाचला. निकाल लागेपर्यंत दर रविवारी मामंजी चिंध्या आणि तेल घेऊन ठाण्यात जायचे, आणि शेखभाई दर रविवारी त्यांना चहा पाजून परत पाठवायचे. काडतुसांचा डबा दिवाळीत फराळाच्या डब्यांमागं सापडला. त्याचं सीलसुद्धा फुटलेलं नव्हतं.

अजूनही कुणी पाहुणा आला की बंदूक कपाटातून निघते, आणि पाहुणा विचारतोच, "साफ किती दिवसांनी करता?" मामंजी पुस्तिकेकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात.

"वापरली तर एकदा," ते म्हणतात. "आन् सूनबाईनं पुजली तर एक टँकर."

मग मला चहा करायला आत पाठवतात. साखर मात्र आत्याबाई स्वतः येऊन घालतात.