पिवळ्या रेघा आणि गॅसचा कोपरा

दिघीची भाड्याची खोली सोडायच्या आदल्या दिवशी पप्पा पत्र्यावर चढले आणि टीव्हीच्या छत्रीवर त्यांनी पिवळ्या मार्करने तीन रेघा मारल्या. एक छत्रीच्या मागच्या सांध्यावर, जिथून ती वरखाली कलते. दुसरी, छत्री पाइपाला जिथे पकडलेली असते तिथे. तिसरी, पाइप आणि भिंतीत ठोकलेली पट्टी यांच्या जोडावर.

पप्पा चाकणला एका कंपनीत फिटर आहेत. तिथे एखादं मशीन एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये न्यायचं असलं की खोलायच्या आधी प्रत्येक जोडावर अशी रेघ मारतात. नव्या जागी दोन्ही भागांवरच्या अर्ध्या अर्ध्या रेघा जुळवल्या की मशीन होतं तसं उभं राहतं.

"मार्किंग असलं की डोकं लावायचं काम नाही," ते वरून म्हणाले.

मी खाली शिडी धरून उभी होते. आमच्या घरात ते माझं ठरलेलं काम. पाना, पकड, ड्रिल पप्पांकडे. शिडी आणि "आलं का, गेलं का" माझ्याकडे. मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मी तिथे नेमकं काय शिकते हे घरात कुणी विचारत नाही आणि मलाही नीट सांगता येत नाही.

नवं घर महाळुंग्यात, चौथ्या मजल्यावर. त्याच्यावर थेट गच्ची. एक खोली, हॉल आणि स्वयंपाकघर, पण स्वतःचं. रविवारी घरभरणी ठरली होती आणि शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत गावाकडून, लातूरकडून, थोरले काका येणार होते. आठवडाभर आधी त्यांचा फोन आला तेव्हा पप्पांनी स्पीकर लावला होता.

"फ्लॅट घेतलास म्हणं," काका म्हणाले. "तिथं टीव्ही तरी दिसतो का? का तेवढ्याला बी माणूस बोलवावा लागतो?"

"माणूस कशाला? वायरिंगसकट सगळं मी करणार. तुम्ही आल्यावर बसून बातम्या बघा."

"बघू की. आन् ती पोरगी कालेजात जाती ना? ती काय दिवे लावायली तिथं?"

पप्पा नुसतेच हसले. मी तिथे काय करते ते मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. तो शनिवार उजाडेपर्यंत त्यांचं ते रिकामं हसू माझ्या डोक्यातून गेलं नाही.

शनिवारी पप्पांनी सुट्टी घेतली. सकाळ सगळी वायरमध्ये गेली. बिल्डरने भिंतीच्या आतून पाइप टाकून ठेवले होते, पण नुसतेच, आत वायर नाही. गच्चीवरून ढकललेली केबल हॉलच्या वरच्या वळणावर अडकली. पप्पा वरून ढकलत होते, मी खालून बॅटरी मारून बघत होते. तासभर झाला.

शेवटी आई हातातलं पीठ झटकत आली. "काय करायलाव? परकरात नाडी घालायची म्हणजे जोर लावत्यात का? पुढं काहीतरी ताठ बांधा आन् खालून ओढा."

नायलॉनची दोरी, तिच्या टोकाला वाकवलेली तार, तारेला तिने हातभर लावलेला भांड्यांचा साबण. ती तार वळणावरून सुळकन खाली आली, मग तिच्यामागे दोरी आणि दोरीमागे केबल. "वीस वर्षं नाड्या घालायले," आई म्हणाली आणि परत पिठाकडे गेली.

गच्चीवरचं काम मात्र पप्पांनी देखणं केलं. कठड्याच्या भिंतीत चार छिद्रं, पट्टी घट्ट, पाइप ओळंब्यात. ओळंबा त्यांनी दोनदा लावून बघितला. मग तिन्ही रेघा जुळवल्या. अगदी केसाइतकाही फरक नाही. मागे सरकून त्यांनी एकदा छत्रीकडे बघितलं, जसं ते नव्या बसवलेल्या मशीनकडे बघत असतील.

"विचार आईला."

मी फोन लावून स्पीकरवर ठेवला. आई हॉलमध्ये टीव्हीसमोर बसली होती.

"आलं का गं?"

"न्हाई. निळं निळं दिसायलंय."

पप्पांनी केबलचं टोक काढून पुन्हा बसवलं. बोल्ट आवळले. आईला टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स बंद करून चालू करायला सांगितला.

"आता?"

"निळंच."

दोन वाजले, तीन वाजले. पप्पा पुन्हा पुन्हा त्या रेघांवरून अंगठा फिरवत होते. "मार्किंग बरोबर आहे," ते म्हणत होते. "मार्किंग एकदम बरोबर आहे."

आणि ते खरंच बरोबर होतं. चूक कुठे आहे ते मला साधारण अर्ध्या तासापूर्वी कळलं होतं, आणि तो अर्धा तास मी गप्प होते. दिघीची भिंत एका दिशेला तोंड करून होती, हा कठडा दुसऱ्याच दिशेला. रेघांनी छत्री भिंतीशी जुळली होती. पण छत्रीला बघायचं असतं उपग्रहाकडे, भिंतीकडे नाही. मशीन शेडमध्ये कुठल्याही तोंडाने उभं केलं तरी चालतं, त्याला आकाशाशी देणंघेणं नसतं. हे सगळं मला वहीत काढून दाखवता आलं असतं. पण ज्या माणसाने आपल्या हाताने एवढी मशीनं उभी केली त्याला कसं सांगायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

सव्वातीनला पप्पा खाली बसले. पाना बाजूला ठेवला. "दादाला सांगावं लागंल," ते स्वतःशीच म्हणाले. "उद्या माणूस बोलवू."

"पप्पा," मी म्हणाले, "भिंत फिरलीय."

"काय?"

"रेघा बरोबर आहेत. पण तिकडची भिंत आणि ही भिंत एका तोंडाची नाही. उपग्रह इथून आग्नेयेला आहे. दिघीत थंडीत सकाळी नऊच्या सुमाराला ऊन बरोबर छत्रीच्या तोंडावर यायचं, मी केस वाळवायला तिथेच बसायचे ना. इथे छत्री नैर्ऋत्येला बघतेय."

त्यांनी मान वर करून छत्रीकडे बघितलं. मी घाईने पुढे म्हणाले, "वरखाली काही हलवायचं नाही. तो कल तुमच्या रेघेमुळे तसाच राहिलाय आणि पाइप ओळंब्यात आहे. नुसतं गोल फिरवायचं. मधली रेघ मोडायची फक्त."

"आग्नेय कुठंय?"

मी फोनमधलं होकायंत्र काढलं. सुई एका पावलाला एक दिशा दाखवे, दुसऱ्या पावलाला दुसरी. कठड्यात लोखंड, टाकीखाली लोखंड, लिफ्टच्या खोलीत लोखंड. पप्पांच्या चेहऱ्यावर पुन्हा तोच उद्याचा माणूस दिसायला लागला.

तेवढ्यात चालू राहिलेल्या फोनमधून आई बोलली. ती सगळं ऐकत होती. "आग्नेय विचारायलाव व्हय? गॅसच्या कोपऱ्यात हाय की!"

आणि ते खरं होतं. फ्लॅट बघायला आलो तेव्हा आई बिल्डरच्या माणसाला होकायंत्र घेऊन स्वयंपाकघरात उभं करून मोकळी झाली होती. चूल आग्नेयेलाच पाहिजे, नाहीतर घर नको. तेव्हा मला तिची लाज वाटली होती.

"आई, वरून कोपरा दिसत नाही!"

"थांब."

मिनिटाभराने स्वयंपाकघराच्या खिडकीतून, ग्रिलच्या फटीतून, जळमटं काढायचा लांब झाडू बाहेर आला आणि कठड्याच्या वर येऊन हवेत हलायला लागला. शेजारच्या इमारतीतली एक बाई कपडे वाळत घालता घालता थांबून बघत राहिली. मी आमच्या घराच्या मधोमध, गच्चीवर उभी राहिले आणि झाडूच्या दिशेने हात केला.

"असं. इकडे."

पप्पा उठले. पाना उचलला. आणि तो माझ्या हातात दिला.

"मी छत्री धरतो. बोल्ट तू ढिला कर. पूर्ण नको, फिरंल इतकाच."

बोल्ट घट्ट होता. त्यांचाच हात लागलेला. दोन्ही हातांनी जोर लावल्यावर हलला. छत्री मी झाडूच्या रेषेत आणली आणि तिथून अगदी हळू, बोटभर बोटभर, सरकवायला लागले.

"आई?"

"न्हाई... न्हाई... थांब, सिग्नलची पट्टी हलायली! गेली. मागं ये, मागं ये. अगं यायलंय! हिरवी झाली! अहो, बाई बोलायली टीव्हीत!"

खालून बातम्यांचा आवाज जिन्यातून वर आला. पप्पा छत्री धरून तसेच वाकून उभे होते, मान वळवून हसत होते, आणि या वेळचं हसू रिकामं नव्हतं. मी बोल्ट आवळला. त्यांनी वरून एकदा आवळून बघितला. तो जरासुद्धा हलला नाही.

मग त्यांनी खिशातून पिवळा मार्कर काढला. जुनी मधली रेघ आता तुटून दोन जागी झाली होती. त्यांनी तिच्यावर थुंकी लावून अंगठ्याने पुसून टाकली आणि मार्कर माझ्यापुढे धरला.

"मार्किंग कर."

माझी रेघ थोडी वाकडी आली. त्यांनी ती सुधारली नाही.

काका पाचच्या आधीच आले. चपला काढल्या, देवाला हात जोडले आणि सोफ्यावर बसून त्यांनी टीव्हीकडे बघितलं. पुष्कळ वेळ बघितलं. चॅनल बदलून बघितले. भिंतीवरून कुठे वायर लोंबकळते का, हेही डोळ्यांनी शोधून झालं.

"कुठला माणूस आणला होता?" शेवटी त्यांनी विचारलं.

"घरातलाच," पप्पा म्हणाले. "कालेजात जातो तो."

काकांनी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे, मग परत टीव्हीकडे.

"आवाज वाढव बाई जरा," ते म्हणाले. "बातम्या ऐकू दे."