सॅक फुलवालीकडं ठेवल्यात

मंदाच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी हनोईला न्यायच्या सामानाची यादी करत होते. औषधं, चार्जर, दोरी, सेफ्टी पिना माझ्याकडे. खाण्याचं सगळं रेहानाकडे. आणि मंदाच्या नावापुढे लिहिलं होतं, 'हिच्याकडे महत्त्वाचं काही द्यायचं नाही.' तो म्हणाला, "मावशी, आई गेली." मी विचारलं, "कुठे?" ...कारण मंदा नेहमी कुठे ना कुठे गेलेलीच असायची. दुपारी जेवून आडवी झाली ती चहाला उठलीच नाही, असं त्यानं सांगितलं, तेव्हा कुठे मला कळलं. त्याला आता दोन महिने होतील.

आम्ही तिघी शाहूपुरीत एकाच गल्लीत राहणाऱ्या. मी शाळेच्या ऑफिसात, रेहानाचं शिवणकामाचं दुकान, आणि मंदाचं माहेर हुपरीचं, घरात चांदीचे पैंजण घडवणारं. तिच्या पिशवीत लहान मुलांच्या चाळांचे दोन-तीन जोड कायम असायचे. कुठेही तान्हं बाळ दिसलं की ही त्याच्या पायात घालून मोकळी. मुलं मार्गी लागल्यावर पाठीवर सॅक टाकून परदेशात हिंडायचं, ही कल्पना तिचीच. टूर कंपनी नको होती. "झेंडा घिऊन म्होरं पळत्यात आणि आपल्याला मेंढरागत हाकत्यात. सुमे, तू हायस की. तूच कर सगळं." मग मी सगळं केलं आणि पहिल्या खेपेला आम्ही बँकॉकला गेलो.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी परतीचं विमान होतं. सकाळीच खोली सोडली, सॅक पाठीवर घेतल्या आणि एक मोठं देऊळ बघायला निघालो. तिघींचे पासपोर्ट माझ्या सॅकच्या आतल्या कप्प्यात होते. महत्त्वाच्या वस्तू एकाच ठिकाणी असल्या की हरवत नाहीत, हा माझा नियम. तिकिटाची रांग लांब होती, म्हणून सॅक मंदाकडे देऊन मी रांगेत उभी राहिले. तिकिटं घेऊन येते तर दोघी हातात मोगऱ्याच्या माळा घेऊन दाराशी रिकाम्या पाठीनं उभ्या. "सॅक?" मी विचारलं. "ठेवल्या की," मंदा म्हणाली. आत सामान ठेवायची खोली असणार, असं मी धरून चालले. मंदिर बघितलं. मंदानं माळ वाहिली, रेहानानं आपली मनगटाला गुंडाळली, आणि गर्दीच्या रेट्यानं आम्ही भलत्याच दारानं बाहेर पडलो. माझे बूट मी आतल्या पायऱ्यांवर काढून परत घातले होते. या दोघी मात्र अनवाणीच.

"टोकन दे," मी म्हटलं.

"कसलं टोकन?"

"सॅकचं, मंदे!"

"सॅक फुलवालीकडं ठेवल्यात. चपला बी तिथंच हायत."

जोतिबाला गेलं की आपण ठरलेल्या दुकानात चपला आणि पिशव्या टाकतो, त्याच्याकडून नारळ-गुलाल घेतो आणि वर जातो. मंदानं बँकॉकमध्ये तेच केलं होतं. माळा घेतल्या आणि तीन पासपोर्ट, सगळे कपडे, माझी यादी असं सगळं एका अनोळखी बाईच्या टेबलाखाली सरकवून ती देवदर्शनाला गेली होती!

"तिला काय सांगितलंस?"

"आलोच म्हणून."

"कुठल्या भाषेत?"

"तिला समजलं की. मान हलवली तिनं."

भिंतीला लागून जिकडे बघावं तिकडे फुलवाल्या. सगळ्यांच्या डोक्यावर गवती टोप्या, सगळ्यांच्या वर लाल छत्र्या. फरशी तापली होती. रेहानाला मी माझे मोजे दिले. ती मनगटावरची माळ प्रत्येकीला दाखवून ओळख पटवू पाहत होती, आणि प्रत्येक फुलवाली तिला तसलीच आणखी एक माळ विकत होती. गळ्यातलं पाकीट उघडत ती म्हणाली, "सुमन, आता एक नवरदेव तेवढा हुडक. मुंडावळ्या झाल्या माझ्या." मंदा रस्त्यातल्या माणसांना विचारत सुटली होती. "ओ पावणं, हितं एक फुलवाली बसतीया न्हवं? जाडजूड, हसरी?" पावणं हात जोडून पुढे जात होते. विमान चुकणार, वकिलात गाठावी लागणार, घरी काय सांगायचं... माझ्या डोक्यात कामं क्रमानं लागत होती. मंदा मात्र झाडाच्या सावलीला जाऊन बसली.

"उठ!" मी ओरडले.

"उठते. पर मला सांग, ती बाई हाललीय का आपण? ज्या दारानं आत गेलो त्याच दारानं भाईर पडूया की."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. दारावरचा पहारेकरी उलटं आत सोडेना. मंदानं साडी वीतभर वर धरून त्याला भाजलेली पावलं दाखवली. "पावणं, चपला ऱ्हायल्या." त्यानं पाय बघितले, रेहानाचे मोजे बघितले, चार माळा बघितल्या आणि बाजूला झाला.

फुलवाली जागेवरच होती. सॅकवर ऊन येऊ नये म्हणून तिनं ओलं फडकं टाकलं होतं, चपला ओळीनं लावल्या होत्या. आम्हाला बघून ती जे बोलायला लागली ते थायमध्ये होतं, पण जोतिबावरची दुकानदारीण आपल्याला उशीर झाल्यावर जे बोलते तेच ते, याबद्दल मला शंका नाही. मंदानं सॅकमधून चाळ काढून तिच्या हातावर ठेवले. तिच्याजवळ बाळ नव्हतं. तिनं ते छत्रीच्या काडीला अडकवले आणि छत्री हलवून वाजवून दाखवले.

विमानात मी मंदाला पुष्कळ बोलले. तिनं डोळे मिटले होते. "ठेवलेलं न्यायला माणूस येतंयच की," म्हणाली आणि झोपली.

गेल्या रविवारी रेहानानं गाडी काढली आणि आम्ही जोतिबाला गेलो. दर्शनाला मी जाणार होते, रेहाना मंदाच्या नेहमीच्या दुकानात बसणार होती. दुकानवाल्या बापूंनी सवयीनं नारळ-गुलालाचं ताट पुढे केलं आणि विचारलं, "हुपरीच्या वैनी न्हाईत आल्या?" रेहानानं सांगितलं. बापू बराच वेळ गुलालाच्या पुड्या सारख्या करत राहिले. मग फळीखालून एक जांभळी छत्री काढली. "मागल्या खेपेला इसरल्यात. म्हटलं, येतील की न्यायला..."

मी माझी सॅक त्या छत्रीशेजारी सरकवली. मोबाइल, किल्ल्या, पाकीट सगळं आत. वर जाऊन आले, ज्या दारानं गेले त्याच दारानं. सॅक उचलली. बापूंनी छत्री पुढे केली.

"असू दे तिथंच," मी म्हटलं. "न्यायला येते परत."