देवांच्या डब्यातली हार्ड डिस्क

मुलांनो, घर बदलल्याचं फोनवर सांगितलं, पण हे आज जिवात जीव आल्यावर लिहिते आहे. आजोबांनी जाण्यापूर्वी तुमच्यासाठी सांगून ठेवलेल्या गोष्टींची हार्ड डिस्क मी ट्रकमध्ये दिली नाही. देवांच्या डब्यात ठेवून डबा मांडीवर घेतला. नव्या घरी उघडते तर कुंकवाची डबी सांडलेली आणि डिस्कच्या खाचेत कुंकू!

"आई, पॅकिंग केलंस की पूजा?" तुमची आत्या म्हणाली.

मला हसू येईना. कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळता येतात. माणसाचा आवाज कशात गुंडाळायचा, हे मला कुठे ठाऊक होतं? आत्याने कोरड्या ब्रशने खाच झाडली, डिस्क कॉम्प्युटरला जोडली.

"ऐका रे पोरांनो," आजोबा म्हणाले.

सगळ्या गोष्टी शाबूत आहेत.