वरून एकच पत्रा दिसतो

गावठाणाची मोजणी ड्रोनने होणार, तेव्हा ज्याने त्याने आपल्या जागेच्या कडेने चुना मारून ठेवावा, असा ग्रामपंचायतीचा निरोप गावाच्या ग्रुपवर आला आणि मी ऑफिसात रजा टाकली. भिवंडीत एका वकिलांकडे मी टायपिंग करते, टेमघरला खोली घेऊन राहते. दिवसभर लोकांच्या जमिनींच्या भानगडी टाइप करायच्या आणि आपल्याच गावाची मोजणी चुकवायची, हे मला जमणारं नव्हतं. मला नसत्या चौकशा फार, असं आई म्हणते. खोटं नाही ते.

आमचं गाव अंबाडीहून वज्रेश्वरीला जाताना आत लागतं. शेतांना सातबारा आहे, पण ज्या घरांत आम्ही जन्मलो त्यांच्या मालकीचा धड कागद कुणाकडेच नाही. जुन्या नकाशात सगळं गावठाण म्हणजे नुसती कोरी जागा. कुणाचं अंगण कुठे संपतं हे सगळ्यांनाच माहीत, म्हणून ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. आता घराघराला मालकीचं कार्ड मिळणार होतं. जे नुसतं माहीत असतं ते लिहायला घेतलं की काय होतं, हे मला बघायचं होतं.

ते मोजणीच्या दिवशी सकाळीच दिसलं. शेजारच्या काकांनी मोरीच्या बाहेरून रेघ मारली. पलीकडच्या काकूंनी ती खराट्याने पुसून मोरीच्या अलीकडून मारली. काकांनी पुन्हा मारली. दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते, आणि कोंबड्या दोन्ही रेघा तुडवून पाय पांढरे करून घेत होत्या. आईने तुळशीपाशी रेघेला छान गोलाई दिली तसे बाबा वैतागले, "अगं, रांगोळी न्हाय ही, हद्द हाय." एका घरात फोटो निघणार म्हणून पोरांना नवे कपडे घातले होते. मी त्यांना हसले, पण केस तर मीही विंचरले होते.

आत्याही त्या दिवशी शिफ्ट बदलून घरी थांबली होती. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्नानंतर लवकरच नवरा वारला आणि ती माहेरी परत आली. बाबांनी आजोबांच्या ह्या घराची मागची पडवी बंद करून तिला खोली काढून दिली, गवंड्याच्या हाताखाली स्वतः विटा वाहिल्या. आता ती हायवेलगतच्या गोडाऊनात पॅकिंगला जाते, आपलं आपण रांधते, सणावाराला आमच्यात जेवते. चुन्याचं घमेलं घेऊन तिने खोलीच्या तिन्ही बाजूंना सरळ रेघा मारल्या. चौथ्या बाजूला आमची तिची मिळून एकच भिंत. तिथे ती अडली.

"वरून बगणाऱ्याला ही भिंत दिसंल काय गो?"

"नाही. वरून एकच पत्रा दिसणार."

"मंग पत्र्यावर मारू काय रेघ?"

मी हसले. ती हसली नाही.

ड्रोन आला, आमच्या डोक्यावर जरा वेळ गुणगुणला आणि पुढे सरकला. सगळं गाव माना वर करून बघत होतं. काही जणांनी उगाच हात हलवले.

पुढे नकाशा तयार झाल्यावर मोजणी खात्याचे एक साहेब घरोघर चौकशीला आले, तेव्हाही मी रजा टाकली होती. मी त्या नकाशाला नाक टेकवून पाहिलं. आमचा पत्रा, त्यावर आईने वाळत टाकलेली गोधडी, शेजारच्या मोरीपाशी भांडणाच्या दोन पांढऱ्या रेघा, सगळं अगदी स्वच्छ आलं होतं.

"मागची खोली कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"आमचीच हाय," बाबा म्हणाले. "बहीण राहते माजी."

"म्हणजे घर एकच?"

"एकच."

वडिलांच्या मिळकतीत मुलीलाही मुलाइतकाच हक्क, हे वाक्य मी इतक्यांदा टाइप केलंय की बोटं आपोआप चालतात. त्या क्षणी माझी जीभ मात्र हलली नाही, कारण समोर माझे बाबा होते. मला स्वतःचाच राग आला. बोलली ती आत्या.

"साहेब, ह्याच्यात मी कुठं हाय?"

साहेबांनी पत्र्यावर बोट ठेवलं.

"ह्यो दादाचा पत्रा. मी कुठं हाय?"

बाबांना ते फार लागलं. "बाय, तुला काय कमी केलं का मी? कोन काढतंय तुला हितनं?"

"काय कमी न्हाय केलंस. तू मला ठेवलंस, ते मी मरंपर्यंत विसरायची न्हाय. पन दादा, ठेवलेलं उचलतापन येतं. तू न्हाय उचलनार. तुज्या मागनं?"

बाबांच्या मागे म्हणजे मी आणि माझा भाऊ. माझ्याकडे न बघता ती हे बोलली, आणि माझा चेहरा तापला. मी तसं कधीच करणार नाही, असं म्हणावंसं वाटलं. पण माझ्या म्हणण्यावर तरी तिने का विसंबावं?

साहेब पेन्सिल धरून थांबले होते. दोघांचं एकमत असेल तर मधली भिंत हद्द म्हणून लिहिता येईल, वेगळं कार्ड निघेल, असं त्यांनी सांगितलं. बाबा उठले. घराच्या मागच्या बाजूला गेले. आम्ही सगळे त्यांच्या पाठोपाठ. त्यांनी मधल्या भिंतीवर तळहात टेकवला.

"हितपर्यंत माजं. पलीकडं तिचं. लिवा."

"आणि भिंत कुणाची?"

बाबांनी आत्याकडे पाहिलं.

"दोघांची," आत्या म्हणाली.

साहेबांनी आमच्या अखंड पत्र्यावरून पेन्सिलने रेघ ओढली. दोघांनी जबाबावर सह्या केल्या आणि साहेब शेजारच्या मोरीकडे वळले.

दुपारी आई कालवणाची वाटी घेऊन नेहमीसारखी मागच्या दाराने आत्याकडे निघाली. आत्याचं दार ढकललं तर आतून कडी.

"वन्सं, कालवण आणलंय."

"थांबा वहिनी, येते," आतून आवाज आला.

आई वाटी धरून उंबऱ्याबाहेर थांबली. इतक्या वर्षांत ती तिथे कधी थांबली नव्हती.